चुलीचें पाप

रत्नागिरीसारख्या गांवांत आजकाल एक नवाच वाद ऐकूं येतो. शहरांतील रस्त्यांखालून नैसर्गिक वायूचे नळ पसरूं लागले, आणि ज्या इमारतींत आजवर न्हाणीघरांतलें पाणी विजेवर तापत होतें त्यांच्या सभांपुढें, विजेचे गीझर काढून टाकून सर्व बिऱ्हाडांनीं वायूची जोडणी घ्यावी कीं काय, असा प्रश्न येऊं लागला. थंड देशांत हा प्रश्न सबंध घर उबदार ठेवण्याचा असतो. आपल्याकडे तो सकाळच्या चार बादल्या पाण्यापुरता आणि स्वयंपाकाच्या शेगडीपुरता आहे. प्रश्न लहान असल्यामुळें त्याचा निकालही बहुधा लहान गणितावर लागतो: महिन्याचें बिल किती उतरेल, अनामत रक्कम किती भरावी लागेल, भिंतींना भोकें किती पडतील. ह्या गणिताला माझा विरोध नाहीं. संसारी माणसानें पैशाचा विचार करूं नये असें सांगणारे लोक पुष्कळदां दुसऱ्याच्या पैशावर जगत असतात.

परंतु अशाच एका चर्चेंत एका वृद्ध बाईंनीं घेतलेला आक्षेप ध्यानांत राहण्यासारखा होता. त्या म्हणाल्या, "विजेनें घरांतला विस्तव एकदांचा गेला, धूर गेला, काजळी गेली. आतां नळानें तो पुन्हां घरांत कशाला आणतां ? वीज बरी, तिला धूर नाहीं, राख नाहीं." वायूलाही धूर नसतो असें कोणीं तरी त्यांना समजावून सांगितलें, आणि चर्चा पुन्हां पैशाकडे वळली. बाईंचें वाक्य मात्र इतक्या सहज सोडून देण्यासारखें नव्हतें. विजेला धूर नाहीं हें खरें आहे काय ? आणि खरें नसेल, तर तो धूर जातो कोठें, व आपल्या डोळ्यांना तो झोंबत नाहीं एवढ्यानें आपण त्यांतून मोकळे होतों काय ?

न्हाण्याच्या पाण्यांत कसली आली आहे नीति, असें पुष्कळांस वाटेल. आपल्या जुन्या धर्मशास्त्रकारांस तसें वाटत नव्हतें. गृहस्थाच्या घरांत पांच 'सूना', म्हणजे पांच वधस्थानें असतात, असें मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायांत सांगितलें आहे. तीं कोणतीं ? चूल, पाटा-जातें, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. घरांतल्या इतक्या निरुपद्रवी वस्तूंना खाटिकखान्याचें नांव देणाराची दृष्टि मोठी तीक्ष्ण असली पाहिजे. माणूस कोणास मारावयाला निघालेला नसतो. तो भाकरी भाजीत असतो, अंगण झाडीत असतो. तरीही त्याच्या जगण्याखालीं किडा-मुंगी चिरडली जाते, आणि तिचा हिशेब त्याच्या नांवावर मांडला जातो. त्या दोषाच्या निष्कृतीसाठीं गृहस्थानें रोज पंचमहायज्ञ करावे, असा विधि आहे. पांचांच्या यादींत चुलीचें नांव पहिलें आहे.

मनूची वकिली करण्याचा माझा हेतु नाहीं. महाड येथें १९२७ च्या डिसेंबरांत डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं ह्याच ग्रंथाचें दहन झालें, आणि ज्या विषमतेच्या निषेधार्थ तें झालें तिचें समर्थन कोणत्याही विचारी माणसास करतां येणार नाहीं. शिवाय ह्या सूनांच्या प्रकरणांतच एक गंमत आहे. चुलीच्या पापाचें प्रायश्चित्त यजमान पुरुषानें घ्यावयाचें. पण चुलीचा धूर डोळ्यांत जाई तो घरांतल्या बायकांच्या. पापाची आणि पुण्याची वांटणी शास्त्रानें केली. धुराची वांटणी परस्पर होऊन गेली. हें सर्व ध्यानांत घेऊनही त्या कल्पनेंत घेण्यासारखी एक गोष्ट राहतेच : हानि घडावयास हेतु असावा लागत नाहीं, आणि हेतु नव्हता एवढ्यानें हानीचा हिशेब मिटत नाहीं.

कोंकणांतल्या माझ्या पिढीच्या माणसांस मागल्या पडवींतला तांब्याचा बंब अजून आठवत असेल. त्यांत सुकलेल्या झावळ्या, नारळाचीं सोडणें, करवंट्या, काजूच्या फांद्या असें जें हाताशीं येईल तें जळे. त्या विस्तवांत एक गुण होता. तो स्वतःचा खर्च लपवीत नसे. आठ माणसांचें न्हाणें म्हणजे किती सरपण, हें घरांतल्या लहान मुलासही ठाऊक असे, कारण पावसाळ्यापूर्वीं तें भरून ठेवण्याच्या कामाला त्यालाच जुंपलेलें असे. धूर घरांतच कोंडे, राख घरांतच सांठे आणि ती भांडीं घासावयास किंवा माडाच्या अळ्यांत जाई. त्या काळाचे गोडवे गाण्यांत अर्थ नाहीं. त्या धुरानें स्त्रियांचे डोळे आणि फुप्फुसें कायमचीं बिघडलीं, आणि तो गेला हें फार चांगलें झालें. पण चूल घरांतून गेली तेव्हां तिच्याबरोबर आणखी एक वस्तु गेली. ती म्हणजे चुलीची जाणीव.

वीज कळ दाबतांच येते. मागें कांहीं पेटलें आहे असें वाटतच नाहीं. वस्तुतः पुष्कळच पेटलेलें असतें. पाऊस, वारा, ऊन आणि अणु ह्यांच्यापासूनही वीज निघते हें खरें. परंतु महाराष्ट्रांतली वीज अजून मुख्यतः कोळशाची आहे. चंद्रपूर येथील औष्णिक केंद्र २९२० मेगावॅटचें आहे. नागपुराजवळ कोराडी आहे. आणि फार दूर जावयासही नको : आपल्याच तालुक्यांत जयगडास १२०० मेगावॅटचें केंद्र उभें आहे, आणि त्याचा कोळसा समुद्रमार्गें परदेशांतून येतो. तें उभें राहत असतां, ह्या धुराचा हापूसच्या मोहोरावर काय परिणाम होईल, हा प्रश्न बागाइतदारांनीं न्यायालयापर्यंत नेला होता. चंद्रपुराच्या माणसास बागाही नाहींत आणि हापूसचें नांवही नाहीं. त्यामुळें त्याची तक्रार आपल्या कानांवर तितक्या लवकर येत नाहीं. २००९ सालीं केंद्रीय प्रदूषण-नियंत्रण मंडळानें देशांतल्या अत्यंत प्रदूषित औद्योगिक प्रदेशांची जी यादी केली तींत चंद्रपूर होतें. त्या गांवच्या मुलांच्या श्वासांतला कांहीं अंश माझ्या न्हाण्याचा आहे, हें विधान ऐकावयास चमत्कारिक लागतें. पण गणितानें तें खोडतां येत नाहीं.

तें गणितच येथें करून पाहूं. वीस लिटर पाण्याची एक मोठी बादली पंचवीस अंशांनीं तापवावयास सुमारें ०.६ युनिट वीज लागते. देशी कोळशावर एवढी वीज काढावयाची तर सुमारें चारशें ग्रॅम कोळसा जाळावा लागतो, आणि त्या कोळशाचा तिसरा हिस्सा राखच असल्यामुळें एका बादलीमागें सव्वाशें ग्रॅमांहून अधिक राख कोठेंतरी सांठते. चार माणसांच्या घरांत वर्षभर रोज चार बादल्या तापल्या तर पांच-सहा क्विंटल कोळसा झाला. इतका कोळसा पोत्यांत भरून जर दर वर्षीं आपल्या जिन्याखालीं आणून टाकला, तर वीज स्वच्छ आहे असें म्हणण्याचें धैर्य कोणास होईल ?

ह्या गणितांत एक मोठी उधळपट्टी लपलेली आहे. कोळशांतल्या उष्णतेची वीज करतांना तिचा सुमारें एक तृतीयांश भागच हातीं लागतो. उरलेली उष्णता शीतगृहांच्या मनोऱ्यांतून आणि धुराड्यांतून निघून जाते. हा कोणाचा नाकर्तेपणा नव्हे. उष्णतेकडून काम करून घ्यावयाचें तर तिचा कांहीं भाग सोडून द्यावाच लागतो, हा सृष्टीचा नियमच आहे, आणि त्याचा पाया सादी कार्नो ह्या फ्रेंच तरुणानें १८२४ सालींच घातला. ही वीज दिवा लावावयास, यंत्र फिरवावयास किंवा रुग्णालय चालवावयास खर्ची पडली तर ती उधळपट्टी क्षम्य ठरते, कारण तें काम दुसऱ्या रीतीनें होणें कठीण. पण उष्णतेची वीज करावयाची, ती शेंकडों मैल तारांतून वाहून आणावयाची आणि शेवटीं तिची पुन्हां उष्णताच करावयाची, हा व्यवहार म्हणजे सोनें मोडून रुपये करावे, त्या रुपयांचें पुन्हां सोनेंच घ्यावें आणि मधल्या सोनारानें दर तोळ्यामागें दोन तृतीयांश ठेवून घ्यावें, तशांतला आहे. तेंच वीस लिटर पाणी वायूच्या ज्योतीवर तापविलें तर पन्नास-पंचावन्न ग्रॅम वायु पुरतो. राख नाहीं; आणि हवेंत जाणारा कार्बनचा वायु कोळशाच्या विजेच्या मानानें चौथ्या हिश्श्याइतका. हल्लीं उष्मापंप म्हणून एक विजेचें यंत्र निघालें आहे. तें बाहेरच्या हवेंतली उष्णता ओढून घेऊन एका युनिटांत तिप्पट काम करतें, आणि तें घरोघर आलें तर हा सबंध हिशेब बदलेल. तूर्त वाद आहे तो साध्या गीझराशीं, आणि त्या वादांत बाईंचा पक्ष पडतो एवढें खरें.

मग नळाचा वायु निष्पाप ठरला काय ? येथें मात्र रत्नागिरीच्या माणसानें फार उतावळेपणा करूं नये. ह्या जिल्ह्याला नैसर्गिक वायूचा जो अनुभव आला आहे तो थोड्याच जिल्ह्यांस आला असेल. गुहागर तालुक्यांत, वासिष्ठीच्या मुखाशीं, अंजनवेलचा जुना किल्ला आहे. त्याच्या शेजारीं वायूवर चालणारें विजेचें मोठें केंद्र उभारावें असें ठरलें, आणि १९९३ च्या डिसेंबरांत एन्रॉन ह्या अमेरिकन कंपनीच्या पुढाकारानें निघालेल्या दाभोळ वीज कंपनीनें राज्य वीज मंडळाशीं करार केला. १९९५ सालीं नव्या सरकारनें तो मोडला, १९९६ सालीं पुन्हां जोडला. १९९९ च्या मे महिन्यांत पहिला टप्पा सुरू झाला, पण तो वायूवर नव्हे, नाफ्थ्यावर. ती वीज मंडळाला इतकी महाग पडली कीं दोन वर्षांत, २००१ सालीं, केंद्र बंद झालें, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत अमेरिकेंत एन्रॉनचें दिवाळें निघालें. २००५ सालीं सरकारी कंपन्यांनीं मिळून 'रत्नागिरी गॅस अँड पॉवर' ही कंपनी काढून तो प्रकल्प हातीं घेतला. द्रवरूप वायु उतरवून घेण्याचें बंदर सुरू व्हावयास २०१३ साल उजाडलें. तेंही लाटा अडविणारा बांध पुरा न झाल्यामुळें पुढें कित्येक वर्षें पावसाळ्यांत बंद राही.

हा आर्थिक इतिहास पुष्कळांस ठाऊक आहे. ज्याचा उल्लेख कमी होतो तो भाग निराळा. वेलदूर, अंजनवेल, रानवी ह्या वाड्यांतील लोकांनीं प्रकल्पास विरोध केला. जमिनीचा प्रश्न होता, पाण्याचा होता, आणि कोळ्यांस खाडींतल्या मासळीची चिंता होती. १९९७ सालीं वेलदुरास पोलिसांनीं धरपकड केली तींत कोळी बायकाही होत्या. ह्यूमन राइट्स वॉच ह्या न्यूयॉर्कच्या संस्थेनें १९९९ सालीं ह्या सर्व प्रकाराविषयीं मोठा अहवाल प्रसिद्ध केला, आणि वेलदुराचें नांव अटलांटिकाच्या पलीकडे वाचलें गेलें. आपल्या शहरांत त्या वेळीं चर्चा चालली होती ती मुख्यतः वीज किती रुपयांनीं मिळणार ह्याची.

वायूचा स्वतःचाही एक दोष आहे. तो जळाला तर कोळशापेक्षां पुष्कळच सौम्य. पण न जळतां निसटला तर हवा तापविण्याच्या कामीं तो कार्बन वायूच्या कितीतरी पट प्रखर ठरतो. शंभर वर्षांच्या हिशेबानें अठ्ठावीस-तीस पट, आणि वीस वर्षांच्या हिशेबानें ऐशीं पटींहून अधिक. विहिरीपासून शेगडीपर्यंतच्या वाटेवर त्यांतला शेंकडा थोडाही भाग गळला तरी त्याचें पुण्य झपाट्यानें घटतें. ही वाट लहान नाहीं. जहाजानें येणारा वायु उणें १६२ अंशांपर्यंत थंड करून, सहाशें घागरींचा ऐवज एका घागरींत बसवून, आखातांतून किंवा त्याहूनही लांबून आणावा लागतो. मुंबईच्या समुद्रांतला आणि जहाजावरचा असा दोन्ही वायु वाहिन्यांच्या जाळ्यांत एकत्र होतो; एकदां मिसळल्यावर ज्योतीला जात नसते. २०२२ सालीं युक्रेनचें युद्ध पेटलें तेव्हां युरोपानें अशा वायूचीं जहाजें वाटेल ती किंमत देऊन ओढून घेतलीं, आणि पाकिस्तान व बांगला देश येथें तासन् तास दिवे गेले. बर्लिनच्या घराची ऊब आणि ढाक्याचा काळोख ह्यांच्यांत त्या वर्षीं एक सरळ रेघ होती; पण ती रेघ बर्लिनच्या कोणत्याही दिवाणखान्यांतून दिसत नव्हती.

येथें खरा प्रश्न येतो. अॅडम स्मिथ हा अर्थशास्त्राचा जनक म्हणून आपल्याकडे प्रसिद्ध आहे. पण त्याचा १७५९ सालचा नैतिक भावनांवरचा ग्रंथ त्याहून जुना, आणि माझ्या मतें कांहीं बाबतींत त्याहून खोल आहे. त्यांत त्यानें एक कल्पना मांडली आहे. सबंध चीन देश धरणीकंपानें गडप झाला असें युरोपांतल्या एखाद्या सज्जनाच्या कानीं आलें तर तो हळहळेल, मनुष्यजीविताच्या नश्वरतेवर चार शब्द बोलेल आणि रात्रीं स्वस्थ झोंपेल. पण उद्यां आपली करंगळी कापली जाणार आहे असें त्यास कळलें तर त्याला रात्रभर झोंप येणार नाहीं. स्मिथ हें सांगून थांबत नाहीं. तो पुढें विचारतो कीं, मग आपली करंगळी वांचविण्यासाठीं तो सज्जन कोट्यवधि चिन्यांचा बळी देईल काय ? मुळींच देणार नाहीं. भावना दुबळी असूनही तो देणार नाहीं, कारण त्याच्या अंतःकरणांत बसलेला तटस्थ साक्षी त्याला विचारील कीं, असा तूं कोण लागून गेलास ?

स्मिथचा साक्षी फार चांगला आहे. त्याला फक्त एक अडचण आहे. खटला त्याच्यापुढें आला तरच तो न्याय देणार. करंगळी आणि चीन हे समोरासमोर उभे केले तर निकाल उघड आहे. पण बादली आणि चंद्रपूर कधीं समोरासमोर येतच नाहींत. त्यांच्यामध्यें तारा आहेत, मंडळें आहेत, बिलें आहेत, आणि प्रत्येक ठिकाणीं एकेक सभ्य माणूस आपलें नेमून दिलेलें काम करीत बसलेला आहे. दुष्ट असा कोणीच नाहीं. जुन्या गांवांत एकानें दुसऱ्याच्या बांधावर राख टाकली तर सकाळीं भांडण होई, आणि तें भांडण हीच त्या गांवाची नीति होती. आजच्या व्यवस्थेनें राखेची आणि भांडणाची फारकत केली आहे. म्हणून मला वाटतें कीं ह्या युगांत अज्ञान हेंच नेहमीं निमित्त म्हणून चालणार नाहीं. जें कळून घेणें शक्य आणि सोपें आहे तें न कळून घेणें हा दोषांतलाच एक प्रकार मानावा लागेल.

ह्यावर आपल्याकडे एक फार पंडिती उत्तर तयार असतें. गीतेच्या अठराव्या अध्यायांत, धुरानें अग्नि वेढलेला असावा त्याप्रमाणें सर्वच कर्में दोषानें वेढलेलीं असतात, अशा अर्थाची उपमा आहे. ती पुढें करून लोक म्हणतात कीं, सर्वच इंधनांत दोष आहे. मग निवड करण्याचा हा खटाटोप कशाला? ज्या गांवीं टिळकांचा जन्म झाला त्या गांवीं तरी हा अर्थ कोणीं काढूं नये. दोष आहे म्हणून कर्म टाकूं नये, एवढेंच तेथें सांगितलें आहे; दोषांदोषांत डावें-उजवें पाहूं नये, असें कोठेंही सांगितलेलें नाहीं. आणि त्या उपमेंत अग्नीबरोबर धूर दिसतो हें गृहीत धरलें आहे. धूर चारशें मैलांवर आणि ज्योत आपल्या घरीं, अशी सोय त्या काळीं झालेली नव्हती.

दुसरें उत्तर अधिक व्यवहारी आहे, आणि म्हणून अधिक अवघड. माझ्या एकट्याच्या बादलीनें काय होणार ? मीं गीझर बंद केला तर चंद्रपूरच्या भट्टींत एक चमचाही कोळसा कमी पडत नाहीं. हें जवळजवळ खरें आहे. पण मग असें होतें कीं, प्रत्येकाचा वाटा शून्य, आणि सर्वांच्या वांट्यांची बेरीज मात्र एक अख्खें शहर काळवंडून टाकण्याइतकी. शून्यांची बेरीज अशी येत नाहीं. तेव्हां कोठें तरी मांडणींतच चूक असली पाहिजे. देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी गोळा होते तेव्हां माझ्या शंभर रुपयांनीं कळस थोडाच चढणार आहे, असें म्हणणारास आपण तत्त्वज्ञ म्हणत नाहीं. कंजूष म्हणतों. गांवकी, पाणवठा, पालखी ह्या सर्व गोष्टी ह्याच समजुतीवर चालत आल्या आहेत कीं, एकत्र केलेल्या कामांत प्रत्येकाचा वाटा मोजला जातो, मग तो दिसो वा न दिसो. इमारतीच्या प्रश्नांत तर ही एकटेपणाची सबबही नाहीं. नळ जिन्यावरून वर चढवावयाचा तो सर्वांच्या संमतीनें, गच्ची सर्वांची. येथें माणूस एकटा नसतोच.

आणि येथेंच एक गोष्ट वायूच्या विरुद्ध, किंबहुना वायूबद्दलच्या निष्काळजीपणाविरुद्ध, सांगितली पाहिजे. विजेनें धोका दूर नेला. वायु त्यांतला कांहीं घरांत परत आणतो. वायु गळूं लागला तर कळावा म्हणून त्यांत दुर्गंधि मिसळलेली असते. परंतु कोंडलेल्या न्हाणीघरांत ज्योत जळत राहिली आणि हवा अपुरी पडली तर कार्बन मोनॉक्साइड नांवाचा जो विषारी वायु तयार होतो त्याला वासही नाहीं, रंगही नाहीं. दाराला कडी लावून न्हात असलेलीं माणसें अशा रीतीनें मृत्यु पावल्याच्या बातम्या दर हिंवाळ्यांत येतात. कोणी म्हणेल, आपल्या सुखाचा धोका आपणच पत्करणें हें तो परक्याच्या मुलावर लोटण्यापेक्षां अधिक न्याय्य नाहीं काय ? आहे, पण जो पत्करतो त्याच्यापुरतेंच. न्हाणीघरांत जाणारें दहा वर्षांचें मूल कांहीं न्यायाचा विचार करून आंत जात नाहीं. यंत्र न्हाणीघराच्या बाहेर, वाहत्या हवेंत बसवावें, त्याचें धुराडें उघड्यावर काढावें, आणि ह्याला जो जास्त खर्च येईल त्यांत काटकसर करूं नये. सभेंत दर किती ह्यावर दोन तास आणि खिडकी कोठें ह्यावर दोन मिनिटें, असा वेळ जातो तो उलट असावयास हवा.

माझें स्वतःचें मत विचाराल तर, रत्नागिरीच्या गच्चीवर आठ महिने जें ऊन पडतें त्यावर पाणी तापवावें, आणि पावसाच्या चार महिन्यांत वायूची मदत घ्यावी. सूर्याच्या पेटींतही तांबें आहे, कांच आहे, तीही कोणाच्या तरी खाणींतून आलेली आहे. पण दररोजच्या जाळण्याचा हिशेब तेथें संपतो. आणि ज्या गांवांत थंडी इतकी मवाळ आहे त्या गांवांत धडधाकट माणसानें मे महिन्यांतही कढत पाण्यानें न्हावें कीं काय, हाही प्रश्न एकदां विचारून पाहण्यासारखा आहे. म्हाताऱ्या माणसांना आणि तान्ह्या मुलांना ऊन पाणी हें सुख नसून गरज आहे. तेथें तत्त्वज्ञान पाजळूं नये. तसेंच तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या बाईंना अनामत रक्कम जड जात असेल तर ती इमारतीनें सांभाळून घ्यावी. बहुमत झालें म्हणून न्याय झाला असें होत नसतें.

पंचमहायज्ञांत एक नियम असा आहे कीं, देव, पितर, अतिथि, चाकर-माणसें ह्यांचें झाल्यावर जें उरेल तें गृहस्थानें खावें. ज्याच्या घरांत चूल पेटते त्याचा नंबर शेवटचा. ह्या नियमाचा अर्थ आजच्या चुलीस लावावयाचा झाला तर तो असा लागेल : ज्याच्या अंगणांत राख पडते, ज्याच्या किनाऱ्यावर जहाज लागतें, ज्याची जमीन पाण्याखालीं जाते, त्याच्या घरांत दिवा आणि ऊन पाणी आधीं पोंचावें, आणि त्याच्या संमतीवांचून पहिली कुदळ पडूं नये. पाणी म्हटलें म्हणजे लोक पुण्यवान् विजेचें उदाहरण म्हणून कोयनेकडे बोट दाखवितात, आणि तें बोट आपल्याच जिल्ह्याकडे वळतें. कारण सह्याद्रीच्या पोटांतून ते पाणी उतरतें तें चिपळूण तालुक्यांत पोफळीस, आणि पुढें वासिष्ठीस मिळतें. १९६० मेगावॅटचा तो प्रकल्प आहे. त्याला धूर नाहीं, राख नाहीं. शिवसागराच्या पाण्याखालीं शंभराच्या आसपास गांवांची जमीन गेली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहांटे कोयनानगरास धरणीकंप झाला, दीडशेंहून अधिक माणसें गेलीं, आणि तो धरणाच्या पाण्याच्या भारानें झाला कीं काय ह्याचा अभ्यास जगभरचे भूशास्त्रज्ञ अजून करीत आहेत. राज्याच्या कारखान्यांत आणि मुंबईच्या दिव्यांत ती वीज साठांहून अधिक वर्षें खेळते आहे. धरणासाठीं उठविलेल्या कुटुंबांचीं मुलें आणि नातवंडें आपल्या वाट्याच्या पर्यायी जमिनीसाठीं २०१८ सालींही कोयनानगरास आंदोलनास बसलेलीं होतीं.